दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या

बोरघाटांतील लोहमार्ग सन 1863 मध्यें पुरा झाला आणि मावळांतील कुसगांव-लोणावळ्याच्या बाजूनें मुंबई-पुण्याची गाडी सलग धावूं लागली. फिरत्या नाटक मंडळ्यांना याचा मोठाच लाभ झाला. पडदे, पेट्या, नट आणि आचारी असा सगळा संसार घेऊन एका शहराहून दुसऱ्या शहरीं जाणें सोपें झालें. या संसारांत स्त्रीला मात्र जागा नव्हती. नायिकेचें लुगडें पुरुषच नेसे. आणि जी स्त्री रंगभूमीवर उभी राही, तिला प्रतिष्ठित घरें आपली म्हणत नसत.

अशा काळीं, विसाव्या शतकाच्या प्रारंभीं, ब्राह्मण घरांतील दुर्गाबाई कामत पतीपासून विभक्त झाल्या. पदरीं लहानगी मुलगी होती. एकट्या स्त्रीला तेव्हां पोट भरण्याचे मार्ग तरी किती? परक्याच्या घरचीं धुणींभांडीं, नाहीं तर ज्याचें नांव घेऊं नये असा व्यवसाय. दुर्गाबाईंनीं तिसरा मार्ग धरला. त्या फिरत्या नाटक मंडळींत शिरल्या, आणि जातीनें त्यांना वाळींत टाकलें.

मुलीचें नांव कमला. जन्म 1900 च्या सुमाराचा. अगदीं बालवयांतच दुर्गाबाईंनीं तिला रंगभूमीवर उभें केलें. मंडळीचा मुक्काम सतत हलत असल्यामुळें शाळा अशी तिला लाभलीच नाहीं. जें शिक्षण झालें तें घरच्या घरीं, प्रवासांत. कोवळ्या लेकराला असें गांवोगांव फिरविणें कोणास निष्ठुरपणाचें वाटेल. परंतु मुलीला कोणाच्या तरी दारीं आश्रित म्हणून ठेवण्यापेक्षां आपल्याजवळ ठेवून तिच्या हातीं एक विद्या देणें, यांत आईची माया कमी होती असें कोण म्हणेल? जातीचा रोष दुर्गाबाईंनीं आपल्यापुरताच नव्हे, तर मुलीसाठींही पत्करला होता.

सन 1913 मध्यें दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. तारामतीसाठीं त्यांना स्त्री मिळेना. शेवटीं उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणाला लुगडें नेसवून त्यांनीं वेळ निभावली. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळीं, त्याच वर्षीं, ही अडचण मिटली ती दुर्गाबाईंमुळें. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्यें पार्वती झाल्या दुर्गाबाई, आणि मोहिनी झाली तेरा वर्षांच्या आसपासची कमला. हिंदुस्थानच्या चित्रपटांत स्त्रीच्या भूमिकेत स्त्री दिसली ती अशी, मायलेकींच्या जोडीनें.

पुढें कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशीं झाला. हे गृहस्थ किर्लोस्कर मंडळींत स्त्रीभूमिका करीत असत! पतीनें नायिका व्हावें आणि पत्नीनें पुढें पुरुषवेष करावा, असा विलक्षण योग या घराण्यांत आला.

पंचविशीच्या सुमारास कमलाबाईंना वैधव्य आलें. पदरीं तीन मुलगे. आईवर एकेकाळीं जो प्रसंग गुदरला होता, तसाच आतां लेकीच्या वाट्यास आला. पण फरक असा कीं, लेकीला मार्ग शोधावा लागला नाहीं. तो आईनें आधींच आंखून ठेवला होता. लोकांच्या बोलांची धारही तिला लहानपणापासून ठाऊक होती. रंगभूमीवर स्त्रीवेषांत आणि पुरुषवेषांतही कमलाबाई उभ्या राहिल्या, आणि मुलें वाढविलीं. चित्रपटांतील त्यांचें काम तर 1980 च्या ‘गहराई’ पर्यंत चाललें.

त्या मुलांपैकीं चंद्रकांत गोखले (1921–2008) मराठी रंगभूमीचे नामवंत नट झाले. लालजी आणि सूर्यकांत यांनीं तबला घेतला. चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले हेही नटच; त्यांचें निधन 2022 मध्यें झालें. रीना मोहन यांनीं ‘कमलाबाई’ हा माहितीपट काढला, तेव्हां कमलाबाई नव्वदीच्या घरांत होत्या, आणि कॅमेऱ्यासमोर बसण्याची संवय त्यांना 1913 पासूनची होती.