रात्रीचे वर्ग, आठ नंबरच्या चॅनेलवर

विद्यापीठाचा टीव्ही चॅनेल म्हटले की फळ्यापुढे उभे असलेले प्राध्यापक डोळ्यांपुढे येतात आणि आपला हात आपोआप रिमोटकडे जातो. पण वाचकहो, नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण घेतलेले आपल्यात अनेकजण आहेत आणि त्यांचे या रटाळ समजल्या जाणाऱ्या कार्यक्रमांशी जवळचे नाते आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टीव्हीचे परवाने भराभर व्यापारी कंपन्यांच्या हाती जात होते. दळणवळण आयोगाच्या पहिल्या महिला सदस्य फ्रीडा हेनॉक यांनी काही चॅनेल शिक्षणासाठी राखून ठेवावेत असा आग्रह धरला. (या बाई लहानपणी पूर्व युरोपातून इथे आलेल्या, म्हणजे आपल्यासारख्याच बाहेरच्या!) अखेर १९५२ साली आयोगाने देशभरात २४२ चॅनेल राखून ठेवले. त्यांतला पहिला सुरू केला ह्यूस्टन विद्यापीठाने. के.यू.एच.टी. हे केंद्र २५ मे १९५३ रोजी आठ नंबरच्या चॅनेलवर दिसू लागले.

हा मान हार्वर्ड-येलला न मिळता ह्यूस्टनला मिळाला, यात मला आश्चर्य वाटत नाही. १९२७ साली ही संस्था एका हायस्कुलाच्या इमारतीत, ज्युनियर कॉलेज म्हणून सुरू झाली. दिवसभर शाळेची मुले, संध्याकाळी नोकरी करून येणारे विद्यार्थी! अशा संस्थेला रात्री टीव्हीवरून तास घेणे जड गेले नाही. मानसशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड इव्हान्स यांचा अभ्यासक्रम नाव नोंदवून घरबसल्या पाहता येई आणि त्याचे क्रेडिट पदवीसाठी धरले जाई. नाव न नोंदवता पाहणाऱ्यालाही कोणी अडवत नव्हते.

तंत्राची बाजू आजच्या मुलांना खरी वाटणार नाही. व्हिडिओ टेपचे यंत्र बाजारात आले १९५६ साली, त्यामुळे सुरुवातीचे तास थेट प्रक्षेपित होत. अडखळलात तर सगळे शहर पाहणार. जपून ठेवायचेच असेल तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करायचे. अशा फिल्मा मिशिगनमधील अॅन आर्बर येथील केंद्रातून देशभरच्या शैक्षणिक चॅनेलांकडे जात.

न्यूयॉर्क विद्यापीठाने १९५७ मध्ये एका व्यापारी वाहिनीवर पहाटे साडेसहाला साहित्याचा वर्ग सुरू केला. प्राध्यापक फ्लॉइड झुली यांनी पहिल्यांदा घेतलेली स्टेंडालची कादंबरी शहरातल्या दुकानांतून संपली म्हणे! गाजला खरा, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग जरा कमी प्रसिद्ध आहे.

स्टॅनफर्डने १९६९ पासून आपले इंजिनिअरिंगचे तास मायक्रोवेव्ह लहरींवरून आसपासच्या कंपन्यांत पोहोचवले. तिथला इंजिनिअर चित्र पाही आणि शंका तोंडी विचारू शके. पुढे माझ्या डॉक्टरेटच्या काळातही वर्गात कॅमेरा असे आणि मधूनच छतातल्या स्पीकरमधून दूरच्या कोणाचा तरी प्रश्न येई. आम्ही दचकत असू. पण ह्युलेट-पॅकार्डचा सँटा रोझा येथील कारखाना त्या लहरींच्या टप्प्याबाहेर होता. तेव्हा १९७३ च्या सुमारास प्रा. जेम्स गिबन्स यांनी तासांच्या टेपा तिथे पाठवल्या. चारसहा जणांनी एकत्र बसून पाहायचे, न कळल्यास टेप थांबवायची आणि बोलायचे. सोबतीला कंपनीतलाच एक इंजिनिअर, प्राध्यापक नव्हे. परीक्षेत ही मंडळी प्रत्यक्ष वर्गात बसलेल्यांपेक्षा सरस ठरली! गिबन्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हे मांडले.

आता आपल्याकडे वळू. इन्सॅट-१बी उपग्रह आल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. आपल्यापैकी अनेकांनी दुपारी ते पाहिले असतील. धोरण असे, की अभ्यासक्रम शिकवायचा नाही, ज्ञानाच्या कक्षा रुंदावायच्या. मग कधी कीटकांवरचा कार्यक्रम, कधी मंदिरांवरचा. चित्रण सुबक, निवेदन इंग्रजीत. हेतू होता छोट्या गावांतल्या कॉलेजांपर्यंत पोहोचण्याचा, पण बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला ते इंग्रजी झेपेना. परीक्षेत त्याचे काही येणार नव्हते आणि दुपारी तो कॉलेजात किंवा शेतावर. मी स्वतः ते आवडीने पाहिले, हे कबूल. पण माझे घर शहरात होते आणि वडिलांना इंग्रजी येत होते. न कळलेले ते मध्येच समजावून सांगत, आणि तेवढ्यात पुढचे दोन मिनिटांचे निघून जाई, कारण दूरदर्शनला थांबवायचे बटण नव्हते.