टाकी थांबते, आतला द्रव थांबत नाही

आजच्या एपिसोडची सुरुवात आमच्या सोसायटीच्या गेटवरून. उन्हाळा म्हटलं की आमच्याकडे पाण्याचे टँकर. एकदा ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. टँकर थांबला, पण क्षणभराने आतलं पाणी पुढे येऊन आदळलं, गाडी पुन्हा डुलली आणि वरच्या झाकणातून पाणी रस्त्यावर. मी कोड लिहून पोट भरणारा माणूस, फिजिक्सशी संबंध बीटेकसोबत संपला होता. पण डोक्यात एक किडा वळवळला: पाण्याच्या जागी ज्वालाग्राही गॅस असेल आणि ब्रेकच्या जागी भूकंप असेल, तर?

जपानने या प्रश्नाचं उत्तर बरीच किंमत मोजून शोधलंय. आज तीच गोष्ट.

आधी बेसिक. नैसर्गिक वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो सुमारे 600 पट कमी जागेत मावतो. हाच एलएनजी. पण एवढ्या थंडीत साधं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. 20 ऑक्टोबर 1944 ला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये अशीच एक टाकी फुटली. भूकंप वगैरे काही नव्हता. गॅस गटारांमध्ये उतरला, पेटला, आणि सुमारे 130 माणसं गेली. साडेतीन टक्के निकेलचं पोलाद पुरेसं नाही, हे त्यातून कळलं. पुढे या कामासाठी नऊ टक्के निकेलचं पोलाद रूढ झालं.

आता जपान. 16 जून 1964, निगाता शहर, 7.5 तीव्रतेचा भूकंप. पाणी भरलेली वाळूची जमीन चिखलासारखी पातळ झाली आणि अख्ख्या इमारती आडव्या कलंडल्या. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तेलाच्या टाक्या होत्या. त्यांचं छप्पर तेलावरच तरंगणारं. आतलं तेल हिंदकळलं, छप्पर कडांवर आपटलं, ठिणग्या उडाल्या. आग जवळपास दोन आठवडे धुमसत होती.

आणि यानंतर पाचच वर्षांनी, 4 नोव्हेंबर 1969 ला, ‘पोलार अलास्का’ नावाचं जहाज अलास्काहून एलएनजी घेऊन योकोहामाजवळच्या नेगिशी बंदरात लागलं. जपानमध्ये आलेला हा पहिला एलएनजी. टोकियोची हवा धुराने कोंदली होती, स्वच्छ इंधन हवंच होतं. पण ठेवायचं कुठे? निगाता तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

एक उत्तर निघालं: टाकी जमिनीत पुरा! नेगिशीत 1970 मध्ये 10,000 किलोलिटरची अशी टाकी उभी राहिली. खरं तर ‘उभी’ म्हणणंही चूक, कारण वर दिसतं ते फक्त घुमटाकार छप्पर. द्रवाची पातळी जमिनीच्या खाली. म्हणजे उद्या भिंतीला काही झालं तरी गॅसचा लोंढा वस्तीत वाहत जाणार नाही. आत जाड काँक्रीट, त्यावर थंडी अडवणारा फोम आणि सगळ्यात आत स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा. पत्र्याला मुद्दाम घड्या घातलेल्या, म्हणजे थंडीने आकसला तरी फाटत नाही. भोवतालची माती गोठून फुगू नये म्हणून टाकीभोवती चक्क हीटर बसवतात. थंड ठेवायची वस्तू, आणि तिच्याभोवती हीटर!

मग प्रश्न सुटला का? अर्धाच. भूकंपाला दोन चाली असतात. एक जलद, सेकंदात दोन-चार हिसके देणारी. भिंती तडकतात त्या हिच्यामुळे. दुसरी संथ, लांब झोके देणारी. आपल्याला ती जेमतेम जाणवते, पण मोठ्या टाकीतल्या द्रवाला नेमकी तीच चाल जमते. मी लॅपटॉपवर चार ओळींचा हिशोब केला. बादलीतलं पाणी एका झोक्याला साधारण अर्धा सेकंद घेतं. 70 मीटर व्यासाच्या आणि 30 मीटर खोल द्रवाच्या टाकीत तोच झोका नऊ सेकंदांचा होतो. झोपाळ्याला योग्य वेळी हलका हात लावत राहिलं की तो चढतच जातो, अगदी तसं.

26 सप्टेंबर 2003 ला होक्काइडोजवळ 8 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र तोमाकोमाई शहरापासून 200 किलोमीटरहून लांब. तरी तिथल्या तेलाच्या टाक्या हिंदकळल्या आणि एक पेटली. दोन दिवसांनी दुसरी पेटली, कारण तिचं तरंगतं छप्पर बुडालं होतं आणि तेल उघडं पडलं होतं. त्यानंतर जपानने संथ झोक्यांसाठीचे नियम कडक केले. एलएनजीच्या टाकीला तरंगतं छप्पर नसतं आणि आत हवाही नसते, हा तिचा फायदा. पण लाट वर आपटू नये म्हणून द्रवावर मोकळी जागा ठेवावीच लागते. टाकीखाली रबराचे बेअरिंग घातले तर जलद हिसके कमी होतात, संथ झोका मात्र आत पोचतोच.

11 मार्च 2011. सेंदाईच्या एलएनजी टर्मिनलवर त्सुनामी चालून आली. यंत्रसामग्री बुडाली, टर्मिनल बंद पडलं, पण जमिनीतली टाकी शाबूत राहिली. आणि महिना संपायच्या आत शहरात गॅस पुन्हा सुरू व्हायला लागला. तो आला डोंगरांपलीकडून, पाइपलाइनने. कुठून माहितीये? निगाताहून! 1964 मध्ये जे शहर जळत होतं, त्याच शहराकडून.

आमच्या कामात सिस्टिम कोसळली की आम्ही कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक नको. जपानच्या टाक्यांचे नियमही असेच लिहिले गेले, फक्त प्रत्येक ओळीमागे एक आग आहे.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला एलएनजीचं टर्मिनल आहे. तिथून कोयनानगर हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत, आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप घरातल्या आजी-आजोबांना विचारा, ती रात्र कशी होती ते सांगतील. घाबरवत नाहीये. पण कोणी ‘आमचं बांधकाम भूकंपरोधक आहे’ म्हणालं, तर एवढं विचारायला शिका: कुठल्या चालीच्या भूकंपासाठी? जलद की संथ?

आज आंघोळीची बादली उचलताना जरा हलवून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!