विजयदुर्गावर हेलियम सापडला नाही

विजयदुर्गाच्या जिबीच्या दरवाज्यातून आत जाऊन सदर, दारूकोठार, खलबतखाना पाहत पुढे गेलेल्या माणसाला काही दगडी कट्टे दाखवले जातात. गावात त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. त्यांची हकीकत अशी सांगितली जाते : १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. ते पाहायला सर नॉर्मन लॉकयर हे इंग्रज शास्त्रज्ञ किल्ल्यावर आले. या कट्ट्यांवर यंत्रे मांडून त्यांनी सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली आणि हेलियमचा शोध लागला. वर्तमानपत्रे, पर्यटनाच्या पुस्तिका, शाळेतली भाषणे, सगळीकडे हेच येते. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

ही हकीकत खरी नाही. ज्यांना हा किल्ला जिवाभावाचा आहे त्यांनीच हे म्हटले पाहिजे, म्हणून हा लेख.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो हवेत उभा नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण खरे आहे. त्याची सावली दख्खन ओलांडून गेली आणि त्या पट्ट्यात विजयदुर्गही होता. हेलियमच्या शोधाशी लॉकयर यांचे नाव जोडलेले आहे, तेही योग्यच. ते विजयदुर्गावर आले होते, हेही निःसंशय खरे. कट्टे तर डोळ्यांसमोर आहेत. ग्रहण खरे, शास्त्रज्ञ खरा, किल्ला खरा, दगड खरे. मग खोटे ते काय?

खोटा आहे तो त्यांचा सांधा. लॉकयर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. मधली तीस वर्षे आपण गिळून टाकली आहेत.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर कुठे होते? इंग्लंडमध्ये. तेव्हा ते वॉर ऑफिसात कारकुनी करीत आणि उरलेल्या वेळात हॅम्पस्टेडच्या घरी दुर्बिणीतून सूर्य पाहत. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळा ग्रहणाशिवाय, भर दिवसा पाहता येतील, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी बनवून घेतलेला वर्णपटदर्शक त्यांच्या हाती पडला तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडातच त्यांना त्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. ज्या यंत्राने त्यांचे नाव झाले ते यंत्रच ऑगस्टमध्ये त्यांच्याजवळ नव्हते. ते घेऊन विजयदुर्गावर येणार कोण? लॉकयर पहिल्यांदा हिंदुस्थानात आले ते डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी, आणि तेव्हाही मुक्काम होता दक्षिणेकडे बेकलच्या किल्ल्यावर. ‘सर’ ही पदवी त्यांना १८९७ मध्ये मिळाली. ‘सर नॉर्मन लॉकयर १८६८ मध्ये विजयदुर्गावर’ या एका वाक्यात कालविपर्यासाच्या दोन चुका आहेत.

मग त्या दिवशी हिंदुस्थानात सूर्य पाहिला कोणी? गुंटूरला फ्रान्सचे ज्यूल जान्सेन आणि मेजर टेनंट होते, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉग्सन होते. आपल्याला सगळ्यांत जवळ म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, जमखंडीला, लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, त्याच नावाच्या विख्यात ज्योतिर्विदाचे पुत्र. या जागा नकाशावर पाहा. सगळ्या सह्याद्रीच्या पलीकडे आहेत. का? याचे उत्तर कोकणातल्या माणसाला पुस्तकात शोधावे लागत नाही. ऑगस्टच्या मध्यावर देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर आभाळाचा भरवसा कोण देईल? त्या दिवसात होड्या शाकारलेल्या असतात आणि सलग दोन दिवस ऊन पडले तर त्याची गावभर चर्चा होते. पाच-सहा मिनिटांच्या ग्रहणासाठी समुद्र ओलांडून येणारा ज्योतिर्विद पावसाळ्यात या किनाऱ्यावर तळ ठोकेल काय? घाटापलीकडच्या जमखंडीतसुद्धा हर्शेलना ढगांनी छळले, फटीफटीतून पाहावे लागले. जानेवारीचे तसे नाही. जानेवारीत विजयदुर्गाचे आभाळ धुतल्यासारखे असते. नुसत्या हवामानाच्या साक्षीवरसुद्धा वाचकाला १८६८ आणि १८९८ यांत निवाडा करता येईल.

आता शोधाकडे वळू, कारण ‘शोध लागला’ या दोन शब्दांत आपण फार कोंबले आहे. १८ ऑगस्टला कुणीही नवे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर केले नाही. ज्वाळा तप्त वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या आहेत, हा त्या दिवसाचा मोठा निकाल. एक पिवळी रेषा दिसली खरी, पण ती सोडियमची असावी असेच बहुतेकांना वाटले. जान्सेन यांचे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण सुटल्यावरही दिसतील, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखले आणि दुसऱ्याच दिवशी गुंटूरला त्या पाहून दाखवल्या. त्यांचे पत्र आणि लॉकयर यांचा स्वतंत्र वृत्तांत २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत पोहोचले. पुढे फ्रान्सने दोघांच्या प्रतिमा असलेले एकच पदक पाडले. पिवळ्या रेषेचे कोडे लॉकयर यांनी यानंतर इंग्लंडमध्ये हाती घेतले. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पडतात, ही पडत होती ५८७.६ च्या जवळ. फरक केसाएवढा, पण फरक. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही पदार्थाशी ती जुळेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी खटपट केली. १८७१ मध्ये विल्यम टॉमसन यांच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांच्या, अध्यक्षीय भाषणात हेलियम हे नाव जाहीरपणे आले. तरी संशय फिटला नव्हता. तो फिटला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या खनिजातून तो वायू काढून दाखवला तेव्हा.

म्हणजे लॉकयर विजयदुर्गाच्या बंदरात उतरले त्याच्या तीन वर्षे आधी हेलियम लंडनच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत बंद झाला होता. जे सापडलेले आहे ते पुन्हा सापडत नाही.

या निर्णयाला खुद्द लॉकयर यांचा दाखला आहे. ‘रीसेंट अँड कमिंग इक्लिप्सेस’ या त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९०० मध्ये निघाली. १८९८ मध्ये विजयदुर्ग येथे केलेल्या निरीक्षणांचा वृत्तांत यात आहे, असे तिच्या शीर्षपानावरच छापले आहे. आपल्या किल्ल्याचे नाव एका ज्योतिर्विदाने आपल्या ग्रंथाच्या शीर्षपानावर घातले, आणि आपण त्याच्या तोंडी भलतेच साल घातले. रॉयल सोसायटीकडेही या मोहिमेचा अहवाल सादर झाला. त्यावर लॉकयर यांच्यासोबत ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक पेडलर यांची नावे आहेत.

तर मग त्या कट्ट्यांवर घडले काय? इथे मला खंडन थांबवून मंडन करायचे आहे, कारण खरी हकीकत खोट्या हकीकतीहून भारी आहे. ग्रहणाच्या खग्रास अवस्थेच्या सुरुवातीला आणि शेवटाला, सूर्यबिंब पुरते झाकले जाण्याच्या क्षणी, त्याच्या कडेचा पातळ थर क्षणभर एकटा चमकतो. एरवी काळ्या दिसणाऱ्या वर्णरेषा त्या क्षणी उजळून निघतात. याला क्षणवर्णपट म्हणू. १८९६ च्या ग्रहणात नोव्हाया झेम्ल्या बेटावर शॅकल्टन यांनी त्याचे पहिले छायाचित्र मिळवले होते. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा नेमक्या कोणत्या थरात तयार होतात, यावर तेव्हा मोठा वाद होता आणि लॉकयर त्या वादातला एक पक्ष होते. पुरावा हवा होता आणि तो मिळायला विजयदुर्गावर जेमतेम दोन मिनिटे होती. यासाठी त्यांनी आणलेले लोलक बसवलेले कॅमेरे अवजड होते. ते जरा हलले तरी रेषा पुसट होणार. भक्कम, न हलणाऱ्या दगडी बैठका लागतात त्या अशा कामाला. युद्धनौकेच्या खलाशांना कामे वाटून दिली होती आणि त्यांच्याकडून आधी कसून तालीम करून घेतली होती. एकाने सेकंद मोजायचे, एकाने काच बदलायची, एकाने प्रभामंडलाचे चित्र काढायचे. आंग्र्यांच्या आणि धुळपांच्या आरमाराने गाजवलेल्या, १७५६ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या अ‍ॅडमिरल वॉटसनच्या तोफांचा मारा सोसलेल्या या किल्ल्यावर जवळजवळ दीडशे वर्षांनंतर त्याच आरमाराचे खलाशी आले, ते सूर्याच्या वायूंचा हिशेब मांडायला. एवढे खरे हातात असताना कल्पित कशाला हवे?

एक आक्षेप उरतो आणि तो सद्भावनेचा आहे, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. लोक म्हणतात, साल चुकले तर काय बिघडले? मुलांना विज्ञानाची गोडी लागते, चार पर्यटक येतात, आडगावातला किल्ला नकाशावर येतो.

बिघडते ते असे. विज्ञान म्हणजे पुरावा तपासण्याची सवय. तिचा उत्सव न तपासलेल्या गोष्टीवर उभारला तर मुलांना आपण शिकवतो काय? एखादी चौकस मुलगी उद्या लॉकयर यांचे चरित्र उघडेल आणि १८६८ मध्ये ते इंग्लंडात होते हे वाचेल. मग किल्ल्याजवळच्या समुद्रातल्या पाण्याखालच्या भिंतीपासून तुळाजी आंग्र्यांपर्यंत वाटाड्याने सांगितलेल्या कोणत्या गोष्टीवर तिने विश्वास ठेवावा? पडक्या वास्तूला स्वतःचे तोंड नसते. कट्ट्यांवर शिलालेख नाही. आज ओसाड वास्तू धुंडाळण्याची आवड वाढते आहे, तरुण मंडळी कॅमेरे घेऊन प्रत्येक ढासळलेल्या कमानीखाली शिरतात. मला ही आवड मोलाची वाटते. पण अशा जागी जो पहिली गोष्ट सांगतो त्याचीच गोष्ट टिकते, म्हणून सांगणाऱ्यावरची जबाबदारी दुप्पट असते.

दुसरे नुकसान अधिक जिव्हारी लागणारे आहे. १८६८ वर सगळा उजेड पाडल्याने १८९८ अंधारात गेले, आणि १८९८ मध्ये एक माणूस आपला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी त्याच ग्रहणासाठी करमाळ्याजवळच्या जेऊर येथे मोठ्या तयारीने तळ ठोकला होता. लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही जेऊरलाच होते. नेगमवालांचा इंग्रजी अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. ते ज्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख होते, ती त्यांच्या निवृत्तीबरोबर १९१२ मध्ये बंद झाली आणि तिथली वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्राच्या भूमीवर उभी राहिलेली एक खरीखुरी वेधशाळा आपण विसरलो, आणि न लागलेल्या शोधाचा वाढदिवस मात्र करीत राहिलो. विजयदुर्ग ते जेऊर अशी एकाच सावलीखालची दोन ठिकाणे जोडून सांगितली, तर विद्यार्थ्यांना केवढा ऐवज मिळेल!

२०२५ मध्ये विजयदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता तिथल्या फलकावरचे प्रत्येक साल जगातला जाणकार वाचणार आहे. म्हणून पुरातत्त्व खाते, ग्रामपंचायत आणि हेलियम दिन निष्ठेने साजरा करणारी मंडळी या तिघांना विनंती आहे. हा सोहळा बंद करू नका, २२ जानेवारीला करा. कट्ट्यांपाशी मराठीत एक फलक लावा. १८९८ चे खग्रास ग्रहण, लॉकयर यांची मोहीम, ‘मेल्पोमिनी’चे खलाशी आणि त्याच दिवशी जेऊरला असलेले नेगमवाला, एवढे त्यावर लिहा. आणि हेलियम? तो इथे सापडला नाही, हेही त्याच फलकावर स्पष्ट लिहा.