वजनातील पठार : चयापचय-संशोधनातील एका रूपकांतराचा इतिहास

आहार कमी केला असता वजन काही महिने उतरत जाते आणि पुढे, आहार तोच राहिला असे सांगितले जात असतानाही, एका आकड्यावर थबकते. पाश्चात्त्य वैद्यकात या अवस्थेस पठाराची उपमा दिली जाते. घटना जुनीच आहे. परंतु तिचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत पुरता पालटला. हा पालट केवळ नव्या प्रयोगांमुळे झाला असे नव्हे. शरीराविषयी कोणत्या भाषेत बोलावयाचे, हा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

पहिली भाषा भट्टीची व जमाखर्चाची होती. १७८० च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगच्या देहातील उष्णतेने किती बर्फ वितळते हे मोजले आणि श्वसन हे एक मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष काढला. शंभर वर्षांनंतर अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी बंद खोलीत माणसे ठेवून त्यांच्या ऊर्जेची आवक-जावक मोजली. हे सारे मापन निर्दोष होते. तथापि त्यातून रूढ झालेल्या भाषेत अन्न म्हणजे इंधन, शरीर म्हणजे भट्टी आणि मेद म्हणजे खात्यावरील शिल्लक ठरली. आणि खर्चाची बाजू जणू स्थिरच असते, असे नकळत गृहीत धरले गेले. या हिशेबात पठाराचा एकच अर्थ संभवत होता : मनुष्य चोरून खात असला पाहिजे. १९३० साली मिशिगन विद्यापीठातील न्यूबर्ग यांनी लठ्ठपणाचे मूळ अतिभोजनात शोधले, तेव्हा हा अर्थ शास्त्रसंमत झाला. पदार्थविज्ञानाच्या नियमाचे रूपांतर शीलाविषयीच्या निवाड्यात झाले, असेच म्हणावे लागते.

या गृहीतास पहिला मोठा धक्का मिनेसोटा विद्यापीठात बसला. युद्धग्रस्त युरोपातील उपासमारीवर उपाय शोधण्यासाठी अ‍ॅन्सल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. अखेरच्या निष्कर्षांत ३२ जणांच्या नोंदी धरण्यात आल्या. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण विश्रांत अवस्थेतील चयापचय मात्र सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. वजनाची घट अखेरीस मंदावत थांबण्याच्या बेतास आली. खर्च स्थिर नव्हता. आवक घटताच देहाने आपला हात आखडता घेतला होता.

देहाला ही टंचाई कळते कशी? याचे उत्तर उंदरांकडून यावयाचे होते. मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत एका उत्परिवर्तनामुळे अतोनात लठ्ठ होणारे उंदीर आढळले. त्यांचे वर्णन १९५० साली प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये केनेडी यांनी असे अनुमान मांडले की, मेदाचा साठा स्वतःची मात्रा मेंदूस कळवीत असला पाहिजे. पुढे त्याच प्रयोगशाळेतील डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून पाहिले. १९५० च्या वाणाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदरास जोडला असता तो कमी खाऊ लागला. १९६६ साली वर्णिलेल्या दुसऱ्या, मधुमेही वाणाचा उंदीर जोडला असता मात्र त्याचा निरोगी जोडीदार अन्न सोडून मरण पावला. कोलमन यांचा तर्क असा : पहिल्या वाणात संदेश निर्माणच होत नाही, दुसऱ्यात तो उदंड निर्माण होतो, पण ऐकला जात नाही. संदेशवाहक द्रव्य कोणी पाहिलेले नसतानाच त्याचे व्याकरण असे सिद्ध झाले होते.

ते द्रव्य हाती येण्यास १९९४ साल उजाडावे लागले. रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी त्याचे जनुक शोधून काढले. मेदपेशींतून स्रवणाऱ्या या संप्रेरकास, 'कृश' या अर्थाच्या 'लेप्टोस' या ग्रीक शब्दावरून, 'लेप्टिन' असे नाव देण्यात आले. नाव आकर्षक होते, पण दिशाभूल करणारे ठरले. जन्मतः लेप्टिन नसलेल्या थोड्या रुग्णांस त्याने विलक्षण गुण आला. सामान्य लठ्ठ माणसांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र परिणाम बेताचाच दिसला, कारण बहुतेकांच्या रक्तात ते मुळातच विपुल असते. कृश करणे हे त्याचे मुख्य कार्य नव्हेच. ते घटले म्हणजे दुष्काळाची वर्दी मेंदूस पोचते, हेच त्याचे खरे कार्य होय.

पठाराचे कोडे येथे उलगडते. १९९५ साली लायबेल, रोझेनबाउम व हिर्श यांनी दाखविले की, वजन दहा टक्क्यांनी उतरविलेल्या माणसाचा ऊर्जाव्यय केवळ देह लहान झाल्यामुळे व्हावा त्याहूनही अधिक घटतो. २००५ मध्ये अशाच माणसांना अल्प मात्रेत लेप्टिन दिले असता ही घट बव्हंशी भरून निघाली. भूक तर याहूनही प्रबळ ठरली : २०१६ च्या एका गणनेनुसार उतरलेल्या दर किलोमागे दैनिक व्यय २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो, तर भूक सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. पठार म्हणजे या दोन बलांनी निश्चयाशी साधलेला समतोल होय.

हा प्रतिकार सर्वांत सारखा नसतो. १९९० साली बूशार यांनी एकरूप जुळ्यांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १,००० किलोकॅलरी जादा दिल्या. वजनवाढ कोणात ४.३ किलो झाली, कोणात १३.३, पण एका जोडीतील दोघे भाऊ बरेचसे सारखे वाढले. मराठीतील 'अंगी लागणे' या वाक्प्रचारात खाणे आणि ते देहास लागणे या दोन क्रिया वेगळ्या मानल्या आहेत. जमाखर्चाच्या भाषेने हा भेद पुसला होता. आनुवंशिकीने तो पुन्हा प्रस्थापित केला.

पठार ओलांडण्याचा मार्गही यावरून स्पष्ट होतो. घटलेल्या देहाचा हिशेब नव्याने मांडणे, स्नायू राखणारा व्यायाम चालू ठेवणे, आणि गरजेप्रमाणे संदेशावरच उपाय करणे. २०२१ साली अमेरिकेत वजनासाठी मान्य झालेले सेमाग्लुटाइड भुकेच्या संदेशावरच कार्य करते. त्याच्या उपचारातही वजन अखेर स्थिरावते आणि औषध थांबविल्यावर पुष्कळसे परतते. ऊर्जेचा नियम कोठेही खोटा ठरलेला नाही. खोटा ठरला तो त्याच्या आधारे दिलेला निवाडा. ज्याला दीर्घकाळ अपराधी मानले गेले, त्याचा देह केवळ आपले जुने कर्तव्य बजावीत होता.