नाताळचें झाड आणि एक चित्र

एका घराण्याची हौस लोकांची रूढि कशी होते, याचें नाताळचें झाड हें मोठें मनोरंजक उदाहरण होय. मेणबत्त्यांनीं व मिठाईनें झाड सजविण्याची चाल मूळची जर्मनीची. तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिनें १८०० सालीं विंडसर येथें मुलांच्या मेजवानीसाठीं असें झाड उभारलें. परंतु पुढें कित्येक वर्षें इंग्लंडांत ही चाल मुख्यतः राजवाडे व सरदारांचे वाडे यांपलीकडे फारशी गेली नाहीं.

१८४८ च्या डिसेंबरांत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकानें एक चित्र छापलें. सजविलेल्या झाडाभोंवतीं राणी व्हिक्टोरिया, तिचे पति आल्बर्ट आणि त्यांचीं मुलें! त्यांत राजवैभवापेक्षां घरगुती सुखच अधिक दिसत होतें. मध्यमवर्गाच्या मनांत भरलें तें हेंच.

१८५० सालीं फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानें तेंच चित्र पुन्हां छापलें. मात्र राणीच्या मस्तकावरील मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा पुसून टाकल्या. राजकुटुंबाचें साधें अमेरिकन कुटुंब झालें! पुढें १८८२ सालीं एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनीं न्यूयॉर्कमधील आपल्या घरीं झाडावर लाल, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लावले. मेणबत्तीबरोबर येणारी आगीची भीति टाळण्याचा मार्ग त्यामुळें दिसूं लागला.

हें झाड राजाज्ञेनें घरोघरीं गेलें नाहीं. दुसऱ्याच्या घरांतील आनंद आपल्याहि घरीं नांदावा, या इच्छेनें तें गेलें; आणि त्यासाठीं राणीलाहि आपला मुकुट उतरवावा लागला.