शिकारी-संग्राहक समाजांतील बालखेळ आणि लिंगभाव

शिकार, मासेमारी आणि रानातील कंद, फळे व मध गोळा करून उपजीविका करणाऱ्या समाजांना शिकारी-संग्राहक समाज म्हणतात. या समाजांतील मुलामुलींच्या खेळांतून स्त्री-पुरुषांच्या कामांची ओळख कशी घडते, हा मानवशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे.

== स्वरूप ==
या समाजांत मोठ्यांची कामे हाच खेळाचा मुख्य विषय असतो. टांझानियातील हाड्झा समाजात मुलगे लहान वयातच छोटे धनुष्यबाण बाळगतात, तर मुली खणण्याच्या काठीने कंद उकरतात. मध्य आफ्रिकेतील आका समाजात जाळ्याने होणाऱ्या शिकारीत स्त्रियाही भाग घेतात. त्यामुळे तेथे शिकार हे केवळ पुरुषांचे काम ठरत नाही.

वस्ती लहान असल्यास समवयस्क सवंगडी थोडे मिळतात. साहजिकच निरनिराळ्या वयांची मुले-मुली एकत्र खेळतात आणि चढाओढीच्या खेळांना फारसा वाव राहत नाही.

== स्थिर वस्तीचा परिणाम ==
पॅट्रिशिया ड्रेपर यांनी कलाहारी वाळवंटातील कुंग समाजाचा अभ्यास करून १९७५ मध्ये निष्कर्ष मांडले. भटक्या टोळ्यांत मुलामुलींच्या दिनक्रमात फरक कमी होता. स्थिर वस्तीत मात्र मुलगे गुरांमागे दूर जाऊ लागले व मुली घराजवळच्या कामांत राहिल्या. यावरून लिंगभेदाचे प्रमाण उपजीविकेच्या पद्धतीनुसार बदलते, असे दिसते.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
कातकरी (काथोडी) समाज रायगड, ठाणे व पुणे जिल्ह्यांत, मुळशी-मावळ परिसरासह, राहतो. कोलाम व माडिया गोंड यांच्यासह राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत त्याची गणना होते. खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून त्याला हे नाव मिळाले. ओढ्यातील खेकडे व मासे पकडणे, रानभाज्या व कंद आणणे, गलोलीने नेम साधणे यांत खेळ आणि उपजीविका यांची सीमारेषा पुसट असते.

वनकायदे आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांमुळे जंगलावरील उपजीविका आक्रसली. अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात. तेथे मुलांना रान, ओढा व वस्तीतील सवंगडी दुरावतात, तसेच शाळाही सुटते. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम बहुधा मुलींवर येते. खेळातून मिळणारे रानाचे ज्ञान पुढील पिढीकडे पोहोचण्याची वाटही त्यामुळे अरुंद होते.