एका छपराखालच्या दोन विद्या

चंदीगडच्या सेक्टर ४३ मधील आमच्या बिऱ्हाडी सध्या एकच खल चालू आहे : भाच्याने विज्ञानाची पदवी घ्यावी की अभियांत्रिकीची? अशा वेळी आम्हांस पुणे आठवते. तेथे १८५४ साली बांधकाम खात्यासाठी माणसे घडविण्यास निघालेली शाळा पुढे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाली. या दोन्ही विद्या तेव्हा तेथे एकाच छपराखाली नांदत. ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ ही पाटी १९११ साली लागली. विश्वेश्वरय्या बंगलोरला १८८१ साली बी. ए. होऊन याच कॉलेजात स्थापत्य शिकले. पहिल्या पदवीने त्यांची दुसरी वाट अडविली नाही. मग आम्हीच एवढे का घाबरावे? भाच्याची स्वतःची ओढ कोणती, हे मात्र अद्याप आम्ही कोणीच त्याला विचारलेले नाही.